माझ्या शाबासकीने बिघडलेली कालवड

आमच्या घरात शिस्तीचं खातं बायकोकडे आणि लाडाचं माझ्याकडे. ही वाटणी कुणी बसून केली नाही, होत गेली. ती ओरडते, मी समजूत घालतो. तिचं ऐकलं जातं, माझ्याकडे खाऊ मागितला जातो. गेल्या पावसाळ्यापर्यंत मी या वाटणीवर खूश होतो, कारण ओरडणाऱ्यापेक्षा समजूत घालणारा माणूस जरा वरच्या पायरीवर असतो असं मला वाटायचं. मग कालवडीचं प्रकरण झालं आणि मी पायरीसकट खाली आलो.

कालवड तशी घरची, पण खरी बायकोची. तिची आई, आमची गाय, रानात चरायला गेलेली वाघाने धरली, तेव्हा हे वासरू नुकतंच जन्मलेलं होतं. आमची वाडी रामनगरच्या पुढे, कॅसलरॉककडे जाणारा रस्ता सोडून आत. पुढे भाताची शेतं, मागे लगेच रान. इथे वाघाने गाय नेली की माणसं हळहळतात, वनखात्याला कळवतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेली गुरं त्याच रानात सोडतात. दुसरं रान आणायचं कुठून? बायकोने त्या वासराला शेळीचं दूध बाटलीने पाजून जगवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी पोतं घालून दिलं होतं, त्यावर ते बसायचं. आमची उरलीसुरली गाय तीच, गोठ्यात दुसरं कुणी नाही. त्यामुळे झालं काय, की मोठी होऊनही तिला आपण गुरांपैकी आहोत हे कळलेलंच नव्हतं. आज कालवण कशाचं ते बघायला मान आत घालायची. दोरीवरचे माझे लेंगे चावायची. बायकोच्या लुगड्याला मात्र कधी तोंड लावलं नाही, म्हणजे बुद्धी कमी होती असं म्हणता येणार नाही.

आमच्या शेताला लागून, मधल्या बांधापलीकडे, अक्काचं शेत. अक्का आमच्या रक्ताची कुणी नाही. वाडीत सगळेच तिला अक्का म्हणतात. सुप्याचं धरण झालं तेव्हा तिच्या सासरचं घर आणि जमीन पाण्याखाली गेली. इकडे जी जमीन मिळाली ती दगडांनी भरलेली. तिने आणि तिच्या नवऱ्याने दगड उचलून उचलून तिथे भात उभं केलं. आता नवरा नाही, मुलगा गोव्यात कामाला. शेत ती एकटी बघते आणि बांधावर उभं राहून जगाशी बोलते.

"तुझी लेक आलती रे सकाळी माझ्याकडं जेवायला," एक दिवस ती म्हणाली.

"लेक शाळेत गेलीय की अक्का."

"ती न्हवं. चार पायांची."

असं दर दोन दिवसांनी होऊ लागलं. कालवड बांध ओलांडायची, अक्काच्या भातात शिरायची, पात्यांचे चार घास ओढायची आणि आपल्याच घरात असल्यासारखी उभी राहायची. आधी अक्का हसली, मग ओरडली, मग श्रावण सरता सरता ती सरळ आमच्या अंगणात येऊन बसली. बायकोने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. आमच्याकडे पाणी न घेणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळलं.

"भात पोटरीला आलंय," ती म्हणाली. "दाण्यात दूध भरलं की मग एक फेरी मारली तरी माझं वाटोळं हाय. त्याच्या आत लोढणं घाल. न्हाईतर इक तिला."

"बघतो की अक्का, काहीतरी करतो."

"बघू नकोस. तू बघायला लागलास की वरीस जातंय. एक शेत माझं पाण्यात गेलं. दुसरं तुझ्या जनावराच्या पोटात जाऊ दे व्हय?"

हातातल्या कपातला चहा मी उगाच ढवळला.

लोढणं म्हणजे जाड लाकडाचा ओंडका. उनाड गुराच्या गळ्यात तो दोरीने बांधतात, पुढच्या दोन पायांच्या मध्ये लोंबतो. सावकाश चाललं तर काही नाही. धावलं किंवा बांधावर चढलं की गुडघ्यावर बसतो. माझे आजोबा खानापूरकडून इकडे आले, त्यांच्या गावी सर्रास बांधायचे. मला ती शिक्षा फार मोठी वाटली नाही. अक्का गेल्यावर मी तसं म्हणालोही.

"लोढणं न्हाई घालायचं," बायको भांडी घासता घासता म्हणाली.

"अगं, थोडे दिवस. कापणी होईपर्यंत. लोढणं असलं की धावता येत नाही, एवढंच."

"तेच. रानात कुणी मागं लागलं तर काय करंल ती?"

मी विचारलं, "मग विकायची?"

ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासू लागली. मी गिरणीवर निघून गेलो. माझी पिठाची आणि भाताची गिरणी आहे, आणि घरात काही अवघड झालं की गिरणीत मला नेहमी तातडीचं काम असतं.

बायकोने तिच्या खात्यातला उपाय आधीच सुरू केला होता. निर्गुडीची ओली काठी. कालवड बांधाकडे वळली की पाठीवर एक. संध्याकाळी त्याच जागी तेल-हळद. मी म्हटलं, "मारायचं कशाला आणि चोळायचं कशाला?" ती म्हणाली, "मारणारी मी, तर चोळणार कोण, तुम्ही?" काठीचा गुण आला, नाही असं नाही. बायको अंगणात दिसत असेतोवर कालवड बांधाकडे बघायचीसुद्धा नाही. बायको तांदूळ वैरायला आत गेली की ही मान वळवून दाराकडे बघायची, थोडा वेळ थांबायची आणि शांतपणे पलीकडे उतरायची. मला आमच्या शाळेतले गुरुजी आठवले. त्यांच्या छडीने आम्हाला वर्गात गप्प बसायला शिकवलं असं ते समजायचे. प्रत्यक्षात आम्ही शिकलो होतो ते त्यांची पाठ ओळखायला. ते फळ्याकडे वळणार हे खांद्यावरून आम्हाला आधी कळायचं. एवढं बारीक निरीक्षण मी पुढे आयुष्यात कशाचंच केलं नाही.

त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेत पालकांची सभा झाली. बायकोला भात भांगलायचं होतं म्हणून मी गेलो. बाईंनी छान समजावून सांगितलं. मूल चुकलं की मारू नका, घालून पाडून बोलू नका. चांगलं वागलं की लगेच शाबासकी द्या. उद्या नाही, रविवारी नाही, लगेच. बाकीचे पालक आपापल्या पोरांचा विचार करत होते. माझी मुलगी आईच्या खात्यात असल्यामुळे तिच्या वागण्यात सुधारायला फारसं काही उरलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे बाईंचं बोलणं ऐकता ऐकता एकच चेहरा आला, आणि त्याला शिंगं होती.

येताना रामनगरच्या बाजारातून मी गुळाची ढेप घेतली. बायकोने विचारलं, सण कुठला? मी म्हटलं, शिक्षण.

माझी पद्धत साधी होती. सकाळी गिरणी उघडण्याआधी मी बांधावर जाऊन उभा राहायचो. कालवड अक्काच्या भातात असली की ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही. गोड आवाजात हाक मारायची, "ये गं माझी शहाणी, ये." बाहेर आली की लगेच, बाईंनी सांगितल्याप्रमाणे अगदी लगेच, गुळाचा खडा आणि पाठीवर थाप. पहिल्या दिवशी ती आलीच नाही, मला चिखलात उतरून चपलेचा पट्टा घालवावा लागला. पण गुळाची चव कळली आणि काय सांगू! हाक पुरी व्हायच्या आत धावत यायची. कान उभे, शेपूट वर. जनावर इतक्या आनंदाने आज्ञा पाळतंय हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं; माणूस तर नाहीच.

आता असं काही जमलं की ते पोटात ठेवणं मला जमत नाही. गिरणीवर दळणाच्या पाट्या घेऊन बसलेल्यांना मी सगळं सांगितलं. छडीने भीती शिकवली जाते, वागणं नव्हे, वगैरे. एक म्हातारा शांतपणे ऐकून घेत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला, "खरं हाय तुझं. तू लई शहाणा हाईस. आता जोंधळं दळतोस का बाबा?" आणि मी खुशीत, बाकीच्यांच्या आधी त्याचं दळण घातलं. गिरणीत हशा पिकला. का पिकला, ते माझ्या ध्यानात दुपारी आलं.

पण खरी शोभा अक्काने केली. एका सकाळी मला उशीर झाला. अक्काची हाक आली, आणि ती ओरडत नव्हती. त्यामुळेच मी घाबरलो. बांधावर जाऊन बघतो तर कालवड अक्काच्या शेतात, बांधाला लागूनच. पुढचे दोन पाय भातात, मागचे दोन बांधावर. खात काहीच नव्हती. मान वर करून आमच्या घराकडे बघत उभी.

"कवापासनं उभी हाय," अक्का म्हणाली. "घास घेईना, जाईना. म्हटलं दुखतंय की काय हिचं. मग कळलं. तुझी वाट बघायलीय ती. तू बोलवल्याबिगर भायेर कशी यील? बोलव की, गूळ दे. मी सकाळपासनं तिला राखत बसलेय."

मी हाक मारली नाही. कालवडीने माझ्याकडे बघितलं, मागचा एक पायही अक्काच्या शेतात ठेवला आणि पुन्हा बघितलं. जरा जास्त आत जायला हवं का, असं विचारत असल्यासारखी.

बाहेर येण्याबद्दल शाबासकी मिळते, तर आधी आत जायला हवं. यात तिची चूक काय? मी इतके दिवस मन लावून तिला अक्काच्या शेतात जायला शिकवत होतो.

अक्काने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय ते मला बघायचं नव्हतं. तिचे शब्द मात्र हसण्यातले नव्हते. "माझं भात दुधावर आलंय," ती म्हणाली. "दसऱ्यानंतर दलाल येतोय गुरं बघायला. त्याला तुझ्या घराकडं धाडते. शेजारधर्म माझा संपला बघ."

बायकोने हे सगळं अंगणातून ऐकलं होतं. मला वाटलं होतं ती आता माझी पिसं काढणार. तिने काहीच काढलं नाही. दुपारी मी जेवायला आलो तेव्हा ती मागच्या लाकडांच्या ढिगापाशी होती. एक ओंडका उचलायची, हातात तोलायची, ठेवायची. दुसरा उचलायची. सगळ्यात हलका शोधत होती. मग तिने त्याची टोकं कोयत्याने गोल केली, गुडघ्याला लागू नयेत म्हणून मध्ये जुनं गोणपाट गुंडाळलं, आणि आपल्या हाताने कालवडीच्या गळ्यात लोढणं बांधलं. कालवड तिचा हात चाटत होती. तिला तो नवीन लाड वाटला असणार.

"तू तर नको म्हणालीस," मी म्हटलं.

"इकण्यापरीस बरं," ती म्हणाली. "आनी आता ती एकटी न्हाई जाणार रानात. मी जाते संगट."

आणि ती खरंच जाऊ लागली. सकाळची भाकरी झाली की कमरेला कोयता अडकवून कालवडीमागे रानात. ओंडका वेलीत, बांबूच्या बेटात अडकला की सोडवायचा. कालवड थांबली की थांबायचं. ऊन कललं की तिला घेऊन परत. शिक्षा कालवडीला दिली होती आणि भोगत होती बायको. तिच्या पायांवर काट्यांचे ओरखडे, हाताला दोरीचे वळ. घरचा स्वयंपाक माझ्याकडे आला. माझ्या आमटीला मुलीने "छान झाली हं बाबा" म्हटलं, आणि त्याच सुरात तिने हे म्हटल्याचं माझ्या लक्षात आलं, ज्या सुरात मी "माझी शहाणी" म्हणत असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच आमटी केली. माणूस शाबासकीपुढे किती लाचार असतो ते मला चुलीपाशी बसून कळत होतं.

त्या दिवसांत मी विचार बराच केला. वाट बघताना दुसरं काय करणार. माझे वडील ना मारायचे, ना कौतुक करायचे. एकदा मी आख्खी वई, म्हणजे शेताभोवतीचं काट्यांचं कुंपण, एकट्याने बांधली. ते फिरून बघून आले आणि एका ठिकाणी उभे राहून तिथली एक काठी हलवून पाहिली. हलली नाही. मग जेवायला बसले. त्या न हललेल्या काठीचा मला आजही अभिमान आहे. पण ते "वा" म्हणाले असते तर मी पुढची वई कुणासाठी बांधली असती, शेतासाठी की त्या "वा"साठी? सांगता येत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असंही अधूनमधून वाटतं.

एका संध्याकाळी बायको परतायला उशीर झाला. उजेड होता अजून, पण रानाच्या कडेचा उजेड लवकर विझतो. मी बांधावर येऊन उभा राहिलो. पलीकडे अक्का आधीच उभी होती. आमचं बोलणं बंद होतं, तरी तिनेच विचारलं.

"आली न्हाई व्हय रे ती?"

"नाही."

"तुला सांगितलं हुतं लोढणं घाल म्हणून. तिला कोण म्हणालं रानात जा?"

"लोढण्यानेच गेली अक्का. ते गळ्यात असताना जनावराला एकटं सोडवेना तिला."

अक्काने हाताचा कर्णा करून हाक दिली, मीही दिली. बराच वेळ काही नाही. मग ओढ्याच्या अंगाने दोघी आल्या. लोढणं बांबूत इतकं गुंतलं होतं, की अर्धं बेट तोडावं लागलं होतं. बायकोच्या कपाळावर खरचटलेलं, कालवड लंगडत. अक्का बांध ओलांडून आमच्या शेतात आली, तेही किती दिवसांनी, बायकोच्या कमरेचा कोयता काढून घेतला आणि लोढण्याची दोरी कापली. ओंडका चिखलात पडला.

"वाघाच्या तोंडात द्या म्हणून न्हवतं सांगितलं मी," ती बायकोवर ओरडली. "तुला काय झालं असतं म्हंजे? ह्याचं काय, हा गूळ खाऊन जगला असता."

"आनी तुमचं भात, अक्का?" बायको म्हणाली.

"भाताचं मी बघते. उद्या सकाळी आन तिला माझ्या दारात."

अक्काकडे दोन गाई. त्यातली थोरली म्हातारी, एक शिंग तुटलेलं, कुणाशी गोडीगुलाबीने न वागणारी. अक्काने कालवडीला तिच्यामागे सोडलं. म्हातारी बांधाच्या वाटेने निघाली, मान खाली घालून, भाताकडे न बघता. कालवड सवयीने भाताकडे वळली. म्हातारीने मागे वळून तिला बरगडीत एक ढुशी दिली आणि चालू लागली. रागाने नाही, रस्त्यात आलेली फांदी बाजूला करावी तशी. कालवड गोंधळली, थोडी थांबली आणि तिच्या शेपटीमागे लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच. काही दिवसांनी ढुशी लागेनाशी झाली. मी गिरणीवर याबद्दल काहीच बोललो नाही, यावरून मी किती सुधारलो ते ओळखावं.

दलाल आला तेव्हा अक्काने त्याला आमचं घर दाखवलं नाही. मात्र बायकोला सुख लागलं असंही नाही. कालवड आता संध्याकाळी म्हातारीमागे अक्काच्या गोठ्याकडेच जायची. बायको दारात उभी राहून हाक मारायची. ती मान वळवून बघायची आणि पुढे जायची. मग बायको जाऊन दोरी धरून आणायची. "आपली ऱ्हाईली, हे काय कमी हाय," असं एकदा म्हणाली, मी काही विचारलेलं नसताना.

कापणी झाली. शेतं रिकामी झाली की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. बुडखे, सांडलेले दाणे, ज्याला जे मिळेल ते. अक्काचं भात खळ्यावर गेलं, पुरेपूर गेलं. त्या सकाळी म्हातारी गाय गोठ्यातच होती, पाय धरल्यामुळे. कालवड एकटीच बांधावर आली. समोर अक्काचं शेत मोकळं पडलेलं. ती काठावर उभी राहिली. पाय पुढे टाकेना.

"ये की गं," अक्का पलीकडून म्हणाली. "आता मोकळं हाय. खा."

कालवड हलली नाही.

"अगं ये बाय. तवा न्हाई म्हणलं तर येत हुतीस, आता ये म्हणत्ये तर? काय करून ठेवलं ह्या पोरीचं!" अक्का माझ्याकडे बघत होती, जणू यातही माझाच हात होता.

बायको आली. तिने कालवडीला ढकललं नाही, हाक मारली नाही. ती स्वतःच बांधावरून खाली उतरली, शेताच्या मधोमध गेली आणि तिथे ओणवी होऊन सांडलेल्या ओंब्या वेचू लागली, कुणाकडेही न बघता. थोड्या वेळाने कालवड एक पाय खाली टाकून थांबली. मग दुसरा टाकला. मग चालत बायकोपर्यंत गेली आणि तिच्या शेजारी खाली मान घालून खाऊ लागली.

अक्काही आत उतरली, ओंब्या वेचायला. त्या दोघी काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. मी बांधावर उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही.